टचिंग

पेनाचं टोक एका बाजूनं झिजलं होतं. सरळ नाही, तिरपं – तिचा हात ज्या बाजूला कलतो त्याच बाजूला. गंमतच म्हणायची, या पेनात शाई नाही, कागदाला ते कधी लागत नाही, नुसतं काळ्या पाटीवर फिरवायचं की समोरच्या पडद्यावर कुणाच्या तरी गालावरचा डाग जायचा... आणि तरी ते झिजतं. तिनं टोक अंगठ्याच्या पेरावर टेकवून पाहिलं. टोचलं नाही. पूर्वी टोचायचं. किती गाल, किती हनुवट्या, किती कपाळं गेली असतील याखालून – आणि एक डोळा. तिनं पेन खाली ठेवलं. मग पडद्यावर एक गृहस्थ केव्हाचे ताटकळत होते म्हणून परत उचललं.

गृहस्थ सकाळचं पहिलं गिऱ्हाईक. पुढच्या खोलीत मालक फोटो काढतात, मागच्या खोलीत ती टचिंग करते, अशी अठरा वर्षांची वाटणी. मालकांनी आत डोकावून सांगितलं होतं की हा पेन्शनच्या कागदांवर लावायचा आहे, याला हात लावू नकोस, नुसता कापून छापायला दे. बरं, म्हणाली होती ती. आणि आता पाहते तर गृहस्थांच्या नाकाशेजारची चामखीळ गायब. कधी गेली? तिनं तर काही केलं नव्हतं, ती आपली घड्याळाकडे बघत होती – अकरा वाजून गेले, दोनला लेक येणार – आणि हातानं इकडे आपलं काम उरकून टाकलं होतं. तिनं उलट फिरायचं बटण दाबलं. चामखीळ जागेवर आली. गृहस्थ पुन्हा स्वतःसारखे दिसायला लागले.

हाताचं हे वागणं तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत तिला कौतुकाचं वाटायचं. मालकही चारचौघांत सांगायचे, हिला बघावं लागत नाही, हिच्या हाताला दिसतं. खरंच होतं ते. रस्त्यात, दवाखान्यात, बसमध्ये समोर कुणी बसलं की तिच्या मनात आपोआप पेन फिरायला लागायचं – तो कपाळावरचा व्रण, ती डोळ्याखालची काळी झाक, दातांमधली फट. वाईट भावनेनं नाही हो! शिंप्याला उसवलेली शिवण दिसावी तसं. घरी मात्र मी कधी कुणाकडे तसं बघितलं नाही, असं ती अगदी छातीवर हात ठेवून सांगू शकली असती.

तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत.

लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत. पाय म्हणून एका जागी ठरायचा नाही, जेवतानासुद्धा दोन घास खाऊन एक गिरकी. तर या भिंगरीच्या पंधराव्या वाढदिवसाला आईनं स्टुडिओतला चांगला कॅमेरा घरी आणून खिडकीच्या उजेडात तिचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी कामावर तो मोठ्या पडद्यावर उघडला, जरा उजेड वाढवला, जरा मागचा पडदा पुसट केला, आणि लेकीच्या फोनवर पाठवून दिला. एवढंच. एवढंच आठवत होतं तिला. लेकीनं तो फोटो तिच्या त्या पानावर टाकला, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन ती दर पाच मिनिटांनी आकडा सांगत होती – ऐंशी जणांना आवडला, एकशेवीस, आई दीडशे! आईलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. कुणाच्या लेकीचं कौतुक होतंय? माझ्या. फोटो कुणी काढला? मी.

तिसऱ्या दिवशी वर्गातल्या कुणीतरी त्या फोटोशेजारी दुसरा फोटो लावला. वर्गात बाकावर बसलेली भिंगरी, बेसावध, काहीतरी लिहिताना मान वर केलेली. एक डोळा उघडा, आणि दुसरा, डावा, त्याची पापणी किंचित खाली आलेली. किंचितच. खाली लिहिलं होतं, दुसरा डोळा कुठून आणलास गं? त्याखाली हसून लोळणारे चेहरे, एकाखाली एक. ते फोटो दोनशे अकरा जणांनी पाहिले होते. हा आकडाही लेकीनंच सांगितला, पण तेव्हा तिचा आवाज वेगळा होता.

ती ओट्याशी येऊन उभी राहिली होती. आई भाजी चिरत होती.

"आई, तू माझा डोळा मोठा केलास?"

"कुठला डोळा?" आईनं विचारलं. आणि ते सोंग नव्हतं, तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. मग लेकीनं फोन पुढे धरला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि आईनं सुरी खाली ठेवली. कारण काम तिचंच होतं. ती पापणी कुणी उचलली असेल तर तिनंच – इतकं सफाईदार, शिवण कुठे म्हणून दिसत नव्हती. ती काहीतरी पुटपुटली, अगं थोडंसं टचिंग तर मी सगळ्यांचंच करते, नकळत झालं असेल. लेक रडली नाही, चिडलीसुद्धा नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती फोनकडे बघत म्हणाली,

"मला माहीतच नव्हतं गं. पंधरा वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. तू नीट केलास, तेव्हा कळलं."

...तू नीट केलास, तेव्हा कळलं. भाजी चिरताना, जिना चढताना, रात्री कूस बदलताना, आणि आत्ता, पेन्शनवाल्या गृहस्थांच्या फोटोची कड कापताना. शब्द जसेच्या तसे. हसणारे दोनशे अकरा लोक नंतरचे. पहिली मीच. सगळ्या जगाच्या आधी, कुणी मागितलं नसताना, माझ्याच हाताला तिच्या तोंडावरची चूक दिसली.

त्यानंतर भिंगरी थांबली. गिरकी नाही, बडबड नाही. केस डाव्या बाजूनं पुढे सोडलेले, जेवताना बसायचं ते भिंतीकडे डावी बाजू करून. तिच्या बाबांचं एकच पालुपद, फोन काढून घे, आठ दिवसांत ताळ्यावर येईल. काढूनही घेतला दोन दिवस. मग ती स्टीलच्या डब्याच्या झाकणात बघायला लागली, खिडकीच्या काचेत बघायला लागली, आणि बाबांनी मुकाट्यानं फोन परत दिला. न्हाणीघरात आईला एक चिकटपट्टी सापडली होती, अर्ध्या चंद्राच्या आकारात कापलेली, पापणीवर लावायची. त्यावर पापणीचे दोन केस चिकटले होते. आईनं ती कागदात गुंडाळून टाकून दिली आणि कुणाला काही बोलली नाही. आणि मागच्या रविवारी, करू नये ते केलं, लेक अंघोळीला गेलेली असताना तिचा फोन उघडून पाहिला. फोटो होते. साडेतीनशेच्या वर. एकाही फोटोत चेहरा नव्हता. नुसता डावा डोळा... सकाळचा, दुपारचा, दिव्याखालचा, रडून सुजलेला, चिकटपट्टी लावलेला, काढलेला. आईनं ते वरपासून खालपर्यंत पाहिले. शेवटी शेवटी तर तिला तो डोळा आहे हेच कळेनासं झालं.

बाराच्या सुमारास एक नवरा-बायको आले, मग एक तरुण, नोकरीच्या अर्जासाठी. तिनं यंत्रासारखं सगळं केलं. गळ्यातलं स्टुडिओचं कार्ड सारखं पाटीवर येऊन आपटत होतं, तिनं ते पाठीवर टाकलं. जीव सगळा दोनच्या ठोक्याकडे लागलेला.

कारण आजचा शेवटचा दिवस होता. शालान्त परीक्षेच्या अर्जावर फोटो लागतो. भिंगरीनं पहिल्यांदा केसांआड अर्धा चेहरा लपवलेला फोटो दिला, तो परत आला. दुसऱ्यांदा फोनमधलाच दिला, गुळगुळीत, बाहुलीसारखा, तोही परत आला. शाळेतल्या क्लार्कबाईंनी काल आईला बोलावून घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की केस मागे, दोन्ही कान दिसले पाहिजेत, काहीही बदल केलेला चालणार नाही, आणि उद्या पाचपर्यंत फोटो आला नाही तर अर्ज राहिला. अर्ज राहिला म्हणजे वर्ष गेलं. बाई चांगल्या होत्या, आवाज खाली करून म्हणाल्या, ती हल्ली वर्गात मान वर करत नाही हो, काही झालंय का घरी? घरी! आईनं मान हलवली आणि बाहेर आली.

सकाळी लेकीनं अट घातली होती. दप्तर भरता भरता, आईकडे न बघता. तू नीट करून देणार असशील तर येते स्टुडिओत, नाहीतर नाही देत परीक्षा. आणि आई बरं म्हणाली. ये तर खरी, बघू. त्या "बरं"चं काय करायचं हे तिला सकाळपासून सुचत नव्हतं. केलं, तर पापणी एवढीशी उचलायची आहे, क्लार्कबाईंच्या बापालाही कळणार नाही – पण भिंगरीला कळेल. आईनं दुसऱ्यांदा केलं, आता तर जाणूनबुजून केलं, म्हणजे डोळा वाईटच आहे. नाही केलं, तर ती उठून जाईल, आणि ती बोलते तसं करते. हट्टी आहे. कुणावर गेलीय कोण जाणे.

दोन वाजता मालक जेवायला घरी गेले. जाताना शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, पोरीचा फोटो काढ निवांत, मोठा दिवा जरा डावीकडून मार. डावीकडूनच का? तिला उगाच वाटलं, यांनाही माहीत आहे. मग वाटलं, ते सगळ्यांनाच डावीकडून मारतात.

भिंगरी वाकून शटरखालून आत आली. दप्तर ठेवलं, पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसली, आणि केस मागे घेऊन क्लिप लावली. तीन आठवड्यांनी लेकीचं अख्खं तोंड दिसलं. आई कॅमेऱ्यामागे गेली. चौकटीत घेतलं. आणि मनात म्हणाली, आता नीट बघ, बाई, एकदा तरी नुसती बघ – पण छे, नजर थेट पापणीवर जाऊन बसली. हनुवटी कशी होती, ओठ कसे होते, काही दिसेना. लेक भुवया उचलून डोळे ताणत होती, कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

"भुवई खाली घे जरा."

भुवई खाली आली. पापणीही आली. आईनं बटण दाबलं. एकच फोटो काढला, दुसरा काढायचं धाडस झालं नाही.

मागच्या खोलीत दोघी पडद्यासमोर बसल्या. लेकीनं खुर्ची ओढून अगदी जवळ घेतली. पडद्यावर तिचा चेहरा, वीतभर मोठा, डोळ्यांत दिव्याचे दोन ठिपके.

"कर," ती म्हणाली.

आईनं पेन उचललं. पाटीवर टेकवलं नाही. तिनं समजावून पाहिलं – बाई परत पाठवतील, परीक्षेच्या दारात तोंड आणि फोटो ताडून बघतात, नस्ती आफत येईल. लेक ऐकत होती आणि ऐकत नव्हती. मग आईच्या तोंडून निघून गेलं की मला तुझा डोळा असाच आवडतो. बोलताक्षणीच ते इतकं पोकळ वाटलं, की तिलाच लाज वाटली.

"मग तेव्हा का केलास?"

"सवय गं हाताची."

"हात चांगल्या ठिकाणी जातच नाही ना पण. खराब असतं तिथेच जातो."

अठरा वर्षांत तिच्या कामाबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. पण आईपाशी एक हुकमाचं पान होतं, दिवसभर राखून ठेवलेलं. तिनं खुर्ची वळवली, चष्मा काढला, लेकीच्या पुढ्यात तोंड नेलं. हे बघ, म्हणाली, नीट बघ. माझीही डावी पापणी तशीच आहे. तुला ती माझ्याकडूनच आलीय. माझं काही अडलं का? कुणी हसलं का? मी कधी मनाला लावून घेतलं का?

भिंगरीनं बघितलं. बराच वेळ. आईला वाटलं, पोहोचलं. आत कुठेतरी दगड हलला. मग लेकीनं हात पुढे केला, आईच्या पाठीवर गेलेली दोरी धरून कार्ड पुढे ओढलं, आणि आईच्याच तळहातावर ठेवलं.

"इथे नाहीये."

स्टुडिओचं कार्ड. प्लास्टिकमध्ये बंद केलेला, कडा पिवळ्या पडलेला फोटो. अकरा वर्षांपूर्वी मालकांनी काढलेला, तिनं स्वतः छापलेला. रोज सकाळी गळ्यात घालते, रोज संध्याकाळी खुंटीला लावते. दोन्ही डोळे अगदी सारखे, टपोरे, जागे. शिवण कुठे म्हणून दिसत नव्हती.

कधी केलं मी हे? ...आठवेना. कुणी शपथेवर विचारलं असतं तरी नाहीच म्हणाली असती. भिंगरी चार वर्षांची होती तेव्हा. म्हणजे तेव्हाही ठाऊक होतं, म्हणजे त्याच्याही आधी... आणि आठवलं ते भलतंच. ती स्वतः चौदा वर्षांची, कुठल्याशा स्टुडिओत घरच्यांचा एकत्र फोटो, सगळे ओळीनं उभे, आणि कॅमेऱ्यामागचा माणूस मान बाहेर काढून म्हणतो, ताई, एक डोळा घरी विसरलात का? सगळे हसले. आत्या, काका, धाकटी भावंडं. तीही हसली. सगळ्यांत जास्त तीच हसली. आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा कुणी कॅमेरा रोखला... अगं बाई. किती वर्षं झाली. आणि तीच मुलगी मोठी होऊन काम शोधायला निघाली, ती नेमकी फोटोच्या दुकानातच कशी शिरली, हे तिला कधी नवलाचं वाटलं नव्हतं.

"तुला पण कुणी सांगितलं होतं?" लेकीनं विचारलं. आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं.

"एकानं. गमतीत म्हणाला."

"किती जणांसमोर?"

आईनं मनात ओळ उभी केली. "सात-आठ असतील."

सात-आठ आणि दोनशे अकरा. पण सात-आठ पुरले होते. सात-आठांनी तीस वर्षं पुरवून दिली होती. आईनं हातातलं पेन पाटीवर आडवं ठेवलं. पडद्यावर लेकीचा चेहरा तसाच होता. सव्वातीन वाजले. शाळेत पोचायला पंधरा मिनिटं. पाठवायचं की नाही, नीट करायचं की नाही, काहीच ठरलं नव्हतं. मला तिला शिकवायचं होतं. काय शिकवणार होते? मनाला लावून घेऊ नकोस म्हणणार होते – गळ्यात हे कार्ड घालून.

लेक उठली. पुढच्या खोलीत गेली. कॅमेऱ्याच्या स्टँडची खालीवर करायची कळ कुरकुरली.

"आता तू बस," ती तिकडून म्हणाली.

"मी कशाला? वेळ नाही, भिंगरी. बाई वाट बघत असतील."

"आहे वेळ. बस."

ती बसली. अठरा वर्षांत हजारो माणसांना तिनं या स्टुलावर बसायला सांगितलं होतं, पाठ ताठ, हनुवटी जरा खाली, इकडे बघा. स्वतः इथे शेवटची अकरा वर्षांपूर्वी बसली होती. दिवा डावीकडून तोंडावर आला. एवढा प्रखर असतो हा? लोक निमूट कसे बसतात? हात कुठे ठेवायचे ते कळेना, तिनं ते मांडीवर ठेवले, मग उचलले, मग परत ठेवले.

"कार्ड काढ."

तिनं कार्ड काढून शेजारी ठेवलं.

"भुवई खाली घे, आई."

"खालीच आहे."

"नाहीये."

तिला वाटत होतं, खालीच आहे. रोजचीच भुवई होती, रोजच्या जागी. मग ती आतून चाचपडायला लागली, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसं – आणि सापडली. कपाळाच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीकशी ओढ, इतकी जुनी की ती आपणच आहोत असं वाटावं. हिला सोडायचं. सोडता येईना. कुणीतरी हसेल, असं वाटलं. कोण? खोलीत लेकीशिवाय कुणी नव्हतं. तिनं श्वास सोडला, त्याबरोबर ती ओढही थोडी सुटली, मग आणखी थोडी, आणि पापणीचं वजन, आयुष्यात पहिल्यांदा, तिला डोळ्यावर जाणवलं. मऊ होतं. खोलीची वरची कड किंचित झाकली गेली.

कॅमेऱ्यामागे भिंगरीचा उजवा डोळा भिंगाला लागला होता आणि डावा मिटलेला होता. केस अजून मागेच होते, क्लिप तशीच. मग तिनं डावा उघडला, आणि कॅमेऱ्याच्या कडेनं, त्या एका डोळ्यानं, ती आईकडे सरळ बघू लागली. काय दिसत होतं तिला? चूक दिसत होती, की आणखी काही? आईला विचारावंसं वाटलं आणि विचारवेना. अशीच बसायची ही पोरगी रोज, हातात फोन घेऊन, एकटी, आणि पलीकडून कुणी काही सांगायचं नाही.

बटणाचा आवाज अजून आला नव्हता. आईला भीती वाटत होती, साधी सरळ भीती. पण उठावंसं वाटत नव्हतं.